यवसुरेचे शास्त्र आणि घरची चूल

बिअर हे नाव परदेशी असले, तरी तिच्या कृतीचा पूर्वार्ध महाराष्ट्रातील गृहिणीला मुळीच परका नाही. मटकीला मोड आणणे, नाचणी भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवणे, मोड आलेली नाचणी वाळवून दळणे, पीठ ताकात रात्रभर आंबवून सकाळी त्याची आंबील करणे, ह्या क्रिया घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. जवाला संस्कृतात यव म्हणतात आणि त्यापासून होणारी ती यवसुरा. मुंबईच्या उपनगरांत अशी ताजी यवसुरा परवानाधारक ठिकाणी पेल्यातून मिळू लागल्यापासून, ती धान्यातून कशी उत्पन्न होते आणि तिचा प्रयोग घरच्या शेगडीवर करता येईल काय, हे कुतूहल पुष्कळांच्या मनात उत्पन्न झाले आहे. ह्या प्रश्नाला शास्त्र एक उत्तर देते आणि कायदा दुसरे. दोन्ही उत्तरे नीट समजून घेतली, तर प्रयोगाचा आनंदही मिळतो आणि संकटही टळते.

परदेशात घरी यवसुरा करणाऱ्या हौशी लोकांचे दोन पंथ आहेत. एका पंथाचे लोक बाजारातून काकवीसारखा घट्ट तयार अर्क आणतात, तो पाण्यात विरघळवितात आणि पुढील क्रियेस लागतात. दुसऱ्या पंथाचे लोक आरंभच धान्यापासून करितात. दाण्यातील पिठाची साखर करण्याचे काम ते स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेतात. ह्या दुसऱ्या मार्गात श्रम अधिक, पण ज्ञानही अधिक. कारण यवसुरेचा रंग, गोडी, दाटपणा आणि स्वाद ह्यांचा पाया धान्याच्या पातेल्यातच घातला जातो.

धान्यापासून मद्य होणे ही गोष्ट ताडीपेक्षा मुळातच निराळी आहे. बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी ओलांडली म्हणजे गोराई आणि मनोरी ही गावे लागतात. तेथील ताडामाडांच्या झाडांतून निघणारा रस उतरवितानाच गोड असतो. साखर तयारच असल्यामुळे हवेतील सूक्ष्म जीव त्यात शिरतात आणि काही तासांतच त्याची ताडी होते. धान्याची गोष्ट तशी नाही. जवाचा दाणा कितीही चावला तरी आरंभी गोड लागत नाही, कारण त्यात साखर नसून पिष्ट असते. पिष्ट म्हणजे साखरेच्या असंख्य कणांची एकमेकांत गुंफलेली लांब साखळी. ही साखळी तोडल्यावाचून यीस्टला तिचा उपयोग होत नाही. ती तोडण्याची हत्यारे निसर्गाने खुद्द दाण्यातच ठेविली आहेत. मात्र ती निजलेली असतात, आणि मोड आणणे म्हणजे त्यांना जागे करणे होय.

नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य ज्यांनी पाहिले असेल, त्यांना दाणा किती त्वरेने जागा होतो हे ठाऊक असेल. ओल मिळताच अंकुराला अन्न हवे असते आणि ते त्याच्या शेजारीच पिष्टाच्या रूपाने साठविलेले असते. ते वितळविण्यासाठी दाणा काही विशिष्ट द्रव्ये निर्माण करितो. त्यांना शास्त्रीय मराठीत विकरे म्हणतात. १८३३ साली पायां आणि पेर्सो ह्या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून असे द्रव्य वेगळे काढले आणि त्याला डायास्टेज हे नाव दिले. विकरांच्या शास्त्राचा आरंभ अशा रीतीने मोडाच्या धान्यातूनच झाला.

मोड आणण्यासाठी जव सालासकट आणि सजीव असला पाहिजे. वाण्याकडे मिळणारी पांढरी, घासून गुळगुळीत केलेली बार्ली ह्या कामी निरुपयोगी ठरते, कारण घासण्यात तिचा अंकुर निघून गेलेला असतो. साल असलेला जव धुऊन भिजत घालावा, मधून मधून पाणी ओतून टाकून त्याला वारा द्यावा आणि दाणा पुरता फुगला म्हणजे ओल्या फडक्यावर पसरून ठेवावा. कारखान्यांत ही क्रिया सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअस उष्णतेत चार-पाच दिवस चालते. मुंबईची हवा ह्याहून पुष्कळ उष्ण आणि दमट. येथे मोड लवकर येतात हे खरे, पण बुरशीही तितक्याच लवकर येते. म्हणून हा प्रयोग पौष-माघाच्या थंडीत करणे बरे, आणि तेव्हाही दाणे दिवसातून दोन-तीन वेळा धुवावे आणि हलवावे. दाण्याच्या सालीखालून सरकणारा अंकुर दाण्याच्या तीनचतुर्थांश लांबीचा झाला की थांबावे. त्यापुढे गेल्यास अंकुरच साखर खाऊन टाकील आणि प्रयोग करणाऱ्याच्या हाती फोल उरेल.

थांबवायचे ते वाळवून. येथेच नवशिक्याची पहिली परीक्षा असते. ओला दाणा एकदम कडक उष्णतेत घातला तर विकरे मरतात. म्हणून आधी ४० ते ५० अंशांच्या मंद उष्णतेत दाणा खडखडीत वाळवावा आणि मग शेवटी उष्णता ८० अंशांपर्यंत न्यावी. शेंगदाणे कमीअधिक भाजले म्हणजे त्यांचा रंग आणि वास जसा पालटतो, तसाच येथेही पालटतो. हलके वाळविलेल्या जवाचा रस सोनेरी होतो आणि कॉफीच्या बियांसारखा काळा भाजलेल्या जवाचा रस काळा आणि कडवट होतो. परंतु काळ्या दाण्यात विकरे उरत नाहीत, म्हणून तो केवळ रंगासाठी आणि स्वादासाठी थोडाच मिसळतात. ह्या मोडवून वाळविलेल्या धान्यास व्यापारात माल्ट म्हणतात. ज्यांना इतका खटाटोप नको, ते तयार माल्ट विकत आणून पुढील पायरीपासून आरंभ करितात.

आता खरी कसोटीची क्रिया, म्हणजे भरडलेला माल्ट ऊन पाण्यात मुरविणे. दाणा भरडावा, पीठ करू नये. कारण पुढे रस गाळताना सालीचाच थर गाळणीचे काम करितो. एक किलो माल्टला तीन लिटर पाणी हे प्रमाण सोयीचे असते. पाणी सुमारे ७२ अंशांपर्यंत तापवून त्यात भरड टाकली म्हणजे मिश्रणाची उष्णता ६६ अंशांच्या आसपास स्थिरावते. मग पातेल्यावर झाकण ठेवून ते जुन्या गोधडीत गुंडाळावे आणि तासभर हात लावू नये. तासाभरात एक-दोन अंश उतरले तरी बिघडत नाही.

ह्या आकड्यांत मोठे मर्म आहे. जवात मुख्यत्वे दोन विकरे काम करितात. एक विकर पिष्टाच्या साखळीच्या टोकापासून दोन-दोन कड्यांचे तुकडे तोडीत जाते. त्याला ६२ ते ६५ अंशांची उष्णता मानवते, आणि त्याने केलेली साखर यीस्टला सहज पचते. दुसरे विकर साखळीवर मिळेल तेथे घाव घालून तिचे लहानमोठे तुकडे करिते. त्याला ६८ ते ७२ अंश मानवतात, आणि त्याच्या तुकड्यांतील काही यीस्टला पचत नाहीत. ते पेयातच राहून त्याला दाटपणा आणतात. अर्थात् उष्णता थोडी कमी ठेविली तर पुढे होणारी यवसुरा पातळ आणि तीव्र होते, आणि थोडी अधिक ठेविली तर ती भरदार आणि सौम्य होते. धान्य, पाणी आणि पातेले तेच असताना केवळ चार-पाच अंशांच्या फरकाने पेयाची प्रकृती बदलते, हे पाहिले म्हणजे हे हौशी लोक तापमापकाला इतके का जपतात ते ध्यानात येते.

साखर झाली की नाही हे चाखूनही कळते, पण शास्त्रीय कसोटी आयोडीनची. पांढऱ्या बशीत रसाचा एक थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. रंग निळा-काळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे असे समजावे. आयोडीनचा तांबूस रंग तसाच राहिला तर पिष्ट संपले. तपासलेला थेंब फेकून द्यावा, पातेल्यात परत घालू नये. तांदूळ किंवा ज्वारी वापरून पाहण्याचा मोह महाराष्ट्रात होणे स्वाभाविक आहे. तसे करता येते. परंतु त्या धान्यांचे पिष्ट जवाच्या पिष्टाहून अधिक उष्णतेला फुलते, म्हणून ती आधी शिजवून मऊ करावी लागतात आणि मग माल्टमध्ये मिसळावी लागतात. जवातील विकरे तेव्हा शेजाऱ्याचेही काम करून देतात.

तासाभराने पातेल्यातील मिश्रण मलमलीच्या किंवा पंच्याच्या फडक्यातून गाळावे आणि उरलेल्या चोथ्यावर ७५ अंशांचे तीन-चार लिटर पाणी हळूहळू ओतून राहिलेली साखर धुऊन घ्यावी. पाणी ह्याहून फार कडक असले तर सालीतील तुरटपणा उतरतो. एक किलो माल्टपासून, पुढे उकळून आटविल्यावर, सुमारे पाच लिटर रस मिळतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०४५ च्या आसपास भरते. पाण्याचे १ धरिले असता वरचा सगळा भार मुख्यत्वे साखरेचा असतो. ज्या साध्या काचेच्या नळीने हे मोजतात ती पाण्यात तरंगते आणि रस जितका गोड तितकी वर उचलली जाते.

ह्या रसाचा मोठा भाग पाणीच असल्यामुळे पाण्याचा गुण त्यात उतरतो. मुंबई उपनगरांना विहार, तुळशी, तानसा, वैतरणा आणि भातसा ह्यांसारख्या जलाशयांचे पाणी मिळते. ह्यांपैकी विहार तलाव १८६० साली पुरा झाला. विहार आणि तुळशी हे दोन तलाव तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगांतच आहेत. पावसाचे साठविलेले हे पाणी मृदु असते. बोहेमियातील पिल्सेन शहरी १८४२ साली जी फिकट सोनेरी यवसुरा प्रथम निघाली, तिचा नाजूकपणा तेथील अशाच मृदु पाण्याला साजेसा होता. उलट इंग्लंडातील बर्टन गावचे पाणी क्षारयुक्त, आणि तेथील यवसुरा कडवटपणासाठी नावाजलेली. मुंबईच्या नळाच्या पाण्यात एक अडचण आहे ती क्लोरीनची. ते राहिले तर पेयाला दवाखान्यासारखा वास येतो. पाणी आधी उकळून उघडे ठेविल्यास क्लोरीन बहुतांशी उडून जाते. इमारतीला टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी येत असेल, तर त्याच्या क्षारांमुळे दर खेपेस निराळा परिणाम दिसण्याचा संभव असतो.

गाळलेला रस तासभर खळखळून उकळावा लागतो. त्याने उरलीसुरली विकरे आणि जंतू नष्ट होतात आणि प्रथिने गोठून तळाशी बसतात. ह्याच वेळी हॉप नावाच्या वेलीची फुले त्यात टाकतात. पाच लिटर रसाला पाच-दहा ग्रॅम पुरतात. ह्या फुलांतील राळेसारखे द्रव्य उकळल्याने पालटून कडू होते, गोडीला तोल आणते आणि नासविणाऱ्या जंतूंना दूर ठेविते. हिंदुस्थानात ही वेल हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या थंड खोऱ्यात लावितात. कोकणच्या हवेत तिचा निभाव लागत नाही.

येथपर्यंत जे तयार झाले ते निव्वळ एक गोड-कडू सार होय. त्यात मद्यार्काचा अंशही नाही. थंड करून ते तसेच प्यावे, दुधात मिसळावे, किंवा पावाची कणीक त्यात मळावी. चोथा वाळवून थोडा थोडा भाकरीच्या पिठात घालता येतो, आणि गुरे तर तो आवडीने खातात. घरच्या प्रयोगाची वेस येथे आहे आणि ती कायद्याने घातली आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. त्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे. त्याच्या बाराव्या कलमाने मद्य तयार करण्यास आणि त्यासाठी कारखाना चालविण्यास मनाई केली आहे. मोकळीक आहे ती परवान्याने. घरात पिण्यापुरते केले, विकले नाही, हा बचाव तेथे चालत नाही. मद्य करण्याच्या हेतूने साहित्य बाळगणे हाही गुन्हाच आहे. इंग्लंडात घरगुती यवसुरेवरील परवान्याची अट १९६३ साली उठली, आणि अमेरिकेच्या संघराज्याने १९७८ साली कायदा करून स्वतःच्या घरापुरती ती करण्यास मोकळीक दिली. परदेशी ग्रंथ वाचून प्रयोगास लागणाऱ्या उत्साही माणसाने हा फरक विसरता कामा नये. ग्रंथातील कृती बरोबर असेल, पण तो ग्रंथ निराळ्या कायद्याच्या प्रदेशात लिहिलेला असतो.

रसाला मात्र कायदा कळत नाही. मुंबईच्या उष्म्यात तो उघडा ठेविला तर एक-दोन दिवसांतच हवेतील यीस्ट आणि जंतू आपण होऊन त्यात शिरतात आणि तो फसफसू लागतो. म्हणून उकळलेले सार झाकून लगेच गार करावे, शीतकपाटात ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे.

उत्तरार्ध यीस्टचा. लुई पाश्चरने १८७६ साली यवसुरेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून दाखवून दिले की, तिचे आंबणे आणि तिचे नासणे ही दोन्ही सूक्ष्म जीवांचीच कामे आहेत. फरक एवढाच की ते जीव वेगवेगळे असतात. १८८३ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढविला. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व कर्बवायू सोडते. विशिष्ट गुरुत्व १.०४८ वरून १.०१० पर्यंत उतरले म्हणजे पेयात सुमारे ५ टक्के मद्यार्क उत्पन्न झाला असा हिशेब होतो. ह्या जीवालाही आपल्या आवडीची उष्णता असते. एका जातीला १८ ते २२ अंश हवे असतात, दुसरीला ८ ते १३. उष्णता वाढली तर यीस्ट घाईने काम करिते आणि पेयाला उग्र, डोके दुखविणारा वास आणते. उपनगरातील खोलीत उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर पारा असतो. माठाप्रमाणे भांड्याभोवती ओले फडके गुंडाळण्याची युक्ती कोरड्या हवेत उपयोगी पडते. पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असल्याने पाणी उडत नाही आणि भांडे गार होत नाही. म्हणूनच व्यवसायात थंड केलेल्या टाक्या लागतात. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी जतन केलेले क्वाइक नावाचे यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांतही स्वच्छ काम करिते. थंड देशाचा हा वाण उष्ण देशाला सोयीचा ठरावा, हा निसर्गाचा एक विनोदच म्हणावयाचा.

ही क्रिया कायदेशीरपणे पाहावयाची तर परवानाधारक लहान कारखान्यांकडे वळावे लागते. पुण्यास २००९ साली डूलाली नावाचा असा कारखाना निघाला आणि २०१५ साली त्याचे पेयगृह अंधेरीस उघडले. ह्या नावाचे मूळ नाशिकजवळील देवळालीत आहे. विलायतेस परतणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथील छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांची जी मनःस्थिती होई, तिला इंग्रजीत गावाच्याच नावाचा अपभ्रंश चिकटला.

शेवटी भीतीचा प्रश्न. उपनगरांत घरगुती दारू म्हटले की विक्रोळी आणि मालवणी ही नावे आठवतात. २००४ साली विक्रोळीच्या दुर्घटनेत ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक. मालवणीतील विष मिथेनॉल हे होते. ते कारखान्यांत वापरले जाणारे द्रव्य आहे; वास आणि चव ह्यांवरून ते साध्या मद्यार्कापासून ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते आणि प्राणही जातो. हे विष जवाच्या पातेल्यात उत्पन्न होत नाही. मिथेनॉल मुख्यत्वे फळांतील पेक्टिनपासून होते आणि धान्यात पेक्टिन अत्यल्प असते. माणसे मेली ती धान्य आंबविल्याने नव्हेत. स्वस्त नशेत औद्योगिक विष मिसळल्याने मेली. हा भेद ज्याला कळला तो कोणाच्या हातची अनोळखी दारू ओठाला लावणार नाही, आणि असे पेय घेतलेल्या माणसाला अंधुक दिसू लागले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला रुग्णालयात नेईल. ह्याचा अर्थ यवसुरा निरुपद्रवी असा नव्हे. तिच्यातील मद्यार्क तोच, केवळ पातळ. व्यसन आणि यकृताचे विकार पातळपणाची भीड धरीत नाहीत.

तात्पर्य, धान्यापासून यवसुरा करण्याच्या विद्येतील जो भाग सर्वांत शिकण्याजोगा, म्हणजे पिष्टाची साखर करणे, तो घरच्या शेगडीवर निर्वेधपणे शिकता येतो. एक किलो माल्ट, एक तापमापक, आयोडीनचा थेंब आणि एक जुनी गोधडी एवढी सामग्री पुरे. एकदा ६३ अंशांवर आणि एकदा ७० अंशांवर रस काढावा, दोन पेल्यांत ओतून चाखावा आणि जिभेने फरक ओळखावा. मुलांना शाळेत पाठ करावे लागणारे विकरांचे प्रकरण त्या दोन पेल्यांत मूर्तिमंत उभे राहील. त्यापुढील काम यीस्टचे आणि परवान्याचे; ते ज्यांच्याकडे सोपविले आहे त्यांनीच करावे.